तीन पाकिटं आणि पॉलिमरचा रेट

प्रभुदेसाई, सेक्रेटरी (ए-६): सर्व सभासदांना नमस्कार. काल कमिटी आणि हजर सभासदांसमोर दुरुस्तीच्या कामासाठी तीन ठेकेदारांनी दिलेल्या निविदांची सीलबंद पाकिटं उघडली. स्ट्रक्चरल रिपेअर, बाहेरचं प्लास्टर, रंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बिडाचे ड्रेनेज पाइप काढून पीव्हीसी टाकणं, सगळं मिळून आकडे असे: पहिला ३७,९०,०००, दुसरा ३८,६२,०००, तिसरा ५१,००,०००. एवढा खर्च कमिटीच्या अधिकारात बसत नाही, विशेष सर्वसाधारण सभा घ्यावीच लागेल. दसऱ्यानंतर परांची उभी करायची तर लवकर ठरवू. मतं मांडावीत, विषयाला धरून.

नाडकर्णी (ए-१): 🌹🌹 शुभ सकाळ 🌹🌹

गावडे (बी-३): मतं कसली मांडायची? पहिल्याला देऊन मोकळे व्हा. ७२ हजार वाचतात. आणि तो तिसरा काय भिंतींना सोन्याचा वर्ख लावणार आहे का?

मेघना, खजिनदार (बी-११): गावडे काका, तिसऱ्याचे ५१ लाख जीएसटी धरून आहेत. पहिल्या दोघांनी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'कर वेगळा' असं लिहिलंय. १८ टक्के लावले की पहिला ४४,७२,२०० आणि दुसरा ४५,५७,१६० होतो. म्हणजे तिसरा पहिल्यापेक्षा तेरा लाखांनी नाही, सव्वासहा लाखांनी महाग आहे.

गावडे (बी-३): तरी महागच ना.

मेघना (बी-११): महागच. फक्त तिघांना एकाच मापाने मोजूया.

कौस्तुभ (ए-७): दुबईहून वाचतोय. ४४ लाख भागिले ३२ म्हणजे घरटी एक लाख चाळीस हजार?? मग इतकी वर्षं रिपेअर फंड कशाला भरला?

मेघना (बी-११): उपविधीप्रमाणे रिपेअर फंड किमान किती, तर बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाऊण टक्का. आपली इमारत १९९३ची, बांधकाम खर्च त्या वेळचा, आणि आपण किमान तेवढाच घेत आलो. सभेत फंड वाढवायचा विषय निघाला की लोकांना घरी गॅसवर दूध आठवतं. जे जमलंय ते यात वापरूच, पण त्यात निम्मंही भागत नाही. घरटी समान नाही, क्षेत्रफळाप्रमाणे वाटणी करायचा प्रस्ताव आहे.

गावडे (बी-३): गच्चीचं पण आम्हीच भरायचं? मी तळमजल्यावर राहतो. माझ्याकडे काय गळतं?

शिंदे काकू (बी-१४): गावडे भाऊजी, जून ते सप्टेंबर माझ्या हॉलमध्ये बादली असते. तुमच्या डोक्यावर आम्हा तिघांच्या घरांची छत्री आहे म्हणून तुमच्याकडे गळत नाही.

प्रभुदेसाई (ए-६): पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरचे सामायिक पाइप हा संस्थेचा खर्च. कुणाच्या बाथरूममधून खाली झिरपत असेल तर ते वरच्या-खालच्या सभासदांनी बघायचं. यावर आपल्याकडे दोन सभा भांडून झाल्या आहेत, पुन्हा नको.

निखिल (ए-१२): मी तिघांचे आकडे एक्सेलमध्ये टाकलेत. सगळ्या ओळी जवळजवळ सारख्या आहेत हो. पहिला आणि दुसरा यांच्यात दोनच ओळींत फरक दिसतो. रंगात पहिला स्वस्त, पॉलिमर मॉर्टरमध्ये, म्हणजे सुटलेलं काँक्रीट काढून तिथे भरायच्या मसाल्यात, महाग. बाकी इकडे-तिकडे.

सावंत काका (ए-१०): निखिल, नेमक्या त्या दोन ओळींसाठी मी काल रात्री बारापर्यंत जागा होतो. नीट वाचा सगळ्यांनी.

निविदेत पॉलिमर मॉर्टरचं अंदाजे काम ८०० चौरस फूट धरलंय. रंगाचं ४०,००० चौरस फूट.

पहिला: पॉलिमर ४२० रुपये, रंग २१ रुपये. म्हणजे ३,३६,००० अधिक ८,४०,०००, एकूण ११,७६,०००.

दुसरा: पॉलिमर २६०, रंग २६. म्हणजे २,०८,००० अधिक १०,४०,०००, एकूण १२,४८,०००.

पहिला ७२ हजारांनी स्वस्त. गावडेंचे ७२ हजार ते हेच.

आता रंगाचं माप बदलत नाही. भिंत जेवढी आहे तेवढीच राहणार. पॉलिमरचं माप मात्र वाढणार. ते १,२५० चौरस फुटांवर गेलं की दोघं सारखे. त्यापुढे प्रत्येक फुटाला पहिला आपल्याकडून १६० रुपये जास्त घेणार. समजा ३,००० फूट निघालं, तर या दोन ओळींचं पहिल्याचं बिल २१,००,००० आणि दुसऱ्याचं १८,२०,०००. म्हणजे जो ७२ हजारांनी स्वस्त होता तो २,८०,००० ने महाग. आयटम रेटचं काम आहे हे. पाकिटावरची बेरीज आपण देत नाही, मोजून निघेल ते देतो. नोकरीत असताना या खेळीची टेंडरं पुष्कळ पाहिली. जिथे माप फुगणार हे अनुभवी ठेकेदाराला ठाऊक असतं तिथे रेट चढवायचा, जिथे फुगणार नाही तिथे पाडायचा, आणि बेरीज सगळ्यात खाली ठेवायची.

गावडे (बी-३): पण ८०० लिहिलंय ना? मग ८००च होईल. ३,००० कुठून आणलंत?

सावंत काका (ए-१०): ८०० हा इमारतीची तपासणी करणाऱ्या स्ट्रक्चरल ऑडिटवाल्याचा अंदाज आहे, गावडे. जमिनीवर उभं राहून, बाल्कन्यांतून आणि गच्चीवरून वाकून जिथे हात पोचला तिथे त्याने हातोडी मारली. परांची बांधल्याशिवाय दुसऱ्या मजल्याच्या छज्जाखाली काय आहे ते कुणालाच कळत नाही. आपला ऑडिट रिपोर्ट सी-२बी आहे. म्हणजे घरं रिकामी न करता, पण मोठी स्ट्रक्चरल दुरुस्ती. सी-३ असतं तर किरकोळ म्हणून सोडलं असतं.

काल संध्याकाळी बी विंगच्या मागच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइप उतरतात त्या बोळात, गेलो होतो. दार अर्धंच उघडतं, आत कुणाची तरी जुनी कपाटं आहेत, तरी अंग चोरून शिरलो. चांगलं काँक्रीट हातोडीने ठण्ण वाजतं, सुटलेलं भद्द. तिथल्या कोपऱ्यातल्या कॉलमला छातीच्या उंचीपासून हात पोचेल तिथपर्यंत भद्द आवाज. प्लास्टरचा एक पोपडा बोटाने निघाला. आतल्या उभ्या सळईचे पापुद्रे नखाने सुटत होते. आडव्या रिंगा दोन ठिकाणी जागेवर नव्हत्याच, काँक्रीटवर त्यांची नुसती तपकिरी रेघ उरली होती. ही एका डक्टची एक बाजू. आपल्याकडे असे चार डक्ट आहेत, आणि चारही ठिकाणी जुने बिडाचे पाइप वर्षानुवर्षं ठिबकतायत.

मंजिरी (ए-१५): बापरे. काका, पण सळई आत असताना गंजते कशी? वर एवढं काँक्रीट असतं ना?

सावंत काका (ए-१०): ताजं काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, म्हणजे आम्लाच्या उलट, त्याने सळईवर एक संरक्षक थर बसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो तसा तो अल्कधर्मीपणा उतरतो. सळईपर्यंत पोचला की संरक्षण संपलं, मग फक्त ओल मिळायचा अवकाश. आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो वरचं कव्हर आतून ढकलून फोडतो. आधी केसाएवढी उभी भेग दिसते ती हीच. त्यावर नुसता रंग मारला तर दोन पावसाळे छान दिसतं.

निखिल (ए-१२): शीट अपडेट केली. पॉलिमर ८००, १,२५०, २,००० आणि ३,००० अशा चार मापांना तिघांची बेरीज टाकली आहे. २,००० लाच दुसरा १ लाख २० हजारांनी खाली जातो.

मेघना (बी-११): जाडीचं पण बघ निखिल. पहिल्याचा रेट २० एमएमपर्यंत आहे, पुढच्या प्रत्येक १० एमएमला वेगळे पैसे. दुसऱ्याचा ४० एमएमपर्यंत. कॉलमचं कव्हर फोडून सळईच्या मागपर्यंत भरायचं तर २० एमएममध्ये कसं होईल?

सावंत काका (ए-१०): शाब्बास. ही जाडीची अट माझ्या नजरेतून सुटली असती, चष्म्याचा नंबर वाढलाय.

कौस्तुभ (ए-७): हे सगळं करण्यापेक्षा सरळ रीडेव्हलपमेंटला का नाही जात?

प्रभुदेसाई (ए-६): कौस्तुभ, तो विषय स्वतंत्र सभेचा. आपल्यासमोरचा रस्ता अरुंद आहे, आलेल्या दोन बिल्डरांनी तेवढं बघूनच चहा संपवला. ३० वर्षांवरच्या इमारतीला स्थिरतेचा दाखला महापालिकेला द्यावा लागतो, तो दुरुस्तीशिवाय मिळणार नाही. आणि उद्या बिल्डर मिळाला तरी तोवर इथे राहायचंच आहे.

मेघना (बी-११): अजून एक. आपले कन्सल्टंट फी मागतायत ती अंतिम बिलाच्या ४ टक्के. म्हणजे काम वाढलं की त्यांची फी वाढते. माणूस सज्जन आहे, पण माप तपासणाऱ्याचे पैसे मापावर ठेवूच नयेत. मी ठरावीक रक्कम सुचवते, टप्प्याटप्प्याने द्यायची.

गावडे (बी-३): हे मात्र पटलं.

सावंत काका (ए-१०): मलाही. शिवाय मोजणी एकट्या कन्सल्टंटवर सोडायची नाही. तोडफोड झाली, गंज घासला, गंज रोखणाऱ्या झिंक प्रायमरचा हात मारला, आणि मॉर्टर भरण्याआधी, उघड्या सळईवर टेप धरून फोटो आणि मोजणी पुस्तकात सही. सही सोसायटीच्या माणसाची. एकदा भरलं की आत काय होतं हे देवालाच माहीत. आणि पॉलिमरचे रिकामे डबे रोज गेटवर मोजायचे. हजार फूट काम दाखवलं आणि डबे चारच निघाले तर मग बोलायला जागा राहते.

मंजिरी (ए-१५): रोज कोण करणार हे? सगळे नोकरीवर.

सावंत काका (ए-१०): मी आहे. गुडघे परांचीवर चढू देणार नाहीत, ते काम निखिलने करायचं. खाली मी पुस्तक धरतो.

निखिल (ए-१२): चालेल. शनिवार-रविवार आणि घरून काम असेल तेव्हा.

प्रभुदेसाई (ए-६): कामाचे नमुने बघायचे का? पहिल्याने तीन इमारतींचे फोटो पाठवलेत. सुंदर दिसतात.

शिंदे काकू (बी-१४): नवा रंग कुणाचाही सुंदरच दिसतो की.

सावंत काका (ए-१०): काकूंनी बरोबर सांगितलं. प्रत्येकाकडून अशी इमारत मागा जिथून परांची उतरून तीन पावसाळे गेलेत. पुढची बाजू बघू नका. मागे जा, डक्ट बघा, छज्जाखालून बघा, वरच्या मजल्यावरचं एखादं दार वाजवा. आणि सेक्रेटरीशी बोला तसं वॉचमनशीही बोला. ठेकेदाराची माणसं शेवटच्या महिन्यात येत होती का, हे वॉचमन जास्त खरं सांगतो. रंगाचा पहिला हात झाला की अर्धी टोळी दुसऱ्या साइटवर जाते, हा सगळीकडचा अनुभव.

मेघना (बी-११): पैशाच्या अटी. पहिल्याला ३० टक्के आगाऊ हवेत. माझ्या मते १० च्या वर नको, आणि तेही पुढच्या बिलांतून कापून घ्यायचे. काम चालू असताना येणाऱ्या प्रत्येक रनिंग बिलातून ५ टक्के राखून ठेवायचे, त्यातले अर्धे काम संपल्यावर आणि अर्धे हमीचा काळ उलटल्यावर. टीडीएस कापायचाच आहे, ठेकेदार एकटा मालक असेल तर १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर २. कुणी 'बिलाशिवाय करू, जीएसटी वाचवू' म्हणालं तर त्याच क्षणी नमस्कार.

प्रभुदेसाई (ए-६): विम्याचं?

मेघना (बी-११): मजुरांच्या विम्याची पॉलिसी हातात आल्याशिवाय परांचीचा पहिला बांबू बांधू द्यायचा नाही. वरून माणूस पडला तर ठेकेदाराआधी पोलीस सेक्रेटरीचं दार वाजवतील.

प्रभुदेसाई (ए-६): ते दार माझं आहे, त्यामुळे या अटीला माझा जोरदार पाठिंबा 🙏

मंजिरी (ए-१५): खिडकीतले एसीचे युनिट, ग्रिल, कबुतराच्या जाळ्या कोण काढणार? गेल्या वेळी सांगितलं नव्हतं, ऐनवेळी मेकॅनिक मिळेना.

प्रभुदेसाई (ए-६): एसी आणि जाळ्या ज्याच्या त्याने. ग्रिलला हात न लावता मागे प्लास्टर होत नाही, म्हणून तेही करारात लिहून घेऊ. डेब्रिज रोज उचलायचं, मजूर कुठे राहणार, पाणी कुणाचं, तेही. क्युरिंगला, म्हणजे नवं प्लास्टर ओलं ठेवायला, पाणी लागेल आणि आपल्याकडे एक दिवसाआड येतं, तेव्हा टँकर ठेकेदाराच्या रेटमध्येच धरायला सांगतो. पाण्याअभावी क्युरिंग चुकवलं तर प्लास्टर पुन्हा तडकणार.

गावडे (बी-३): मग पहिल्याला बोलावून सांगा ना, रंग २१च ठेव आणि पॉलिमर २६० कर. संपलं.

सावंत काका (ए-१०): बोलवा, जरूर बोलवा. पण त्या दोन्ही रेटला तो हो म्हणाला तर मला जास्त काळजी वाटेल. दोन ओळींत मिळून नफा कुठे उरला? मग तो पॉलिमरमध्ये पाणी घालणार नाहीतर रंगाचा एक हात खाणार. माझं मत आजच्या कागदावर दुसऱ्याकडे झुकतं. पण ते पक्कं करण्याआधी कन्सल्टंटला सांगा, चारही डक्ट आणि एक पूर्ण बाल्कनीची ओळ शिडी लावून पुन्हा ठोकून बघ आणि ८०० चा आकडा सुधारून दे. तिसऱ्यालाही दारं बंद करू नका. त्याच्या यादीत कॉलमला मायक्रोकाँक्रीटचं जॅकेट, म्हणजे भोवती बारीक खडीच्या काँक्रीटचा नवा थर, आहे, जे बाकी दोघांनी 'जादा काम' म्हणून मोकळं सोडलंय. त्या कॉलमला ते लागणार असं मला दिसतंय. ती ओळ तिघांकडून मागवा, मग बेरीज करा.

निखिल (ए-१२): म्हणजे तिसरा महाग नसेलही?

सावंत काका (ए-१०): असेल किंवा नसेल. सुधारित माप आल्याशिवाय मी बोलत नाही.

प्रभुदेसाई (ए-६): ठीक. कन्सल्टंटशी बोललो, रविवारी सकाळी ९ वाजता येतायत, शिडी आणि हातोडी घेऊन. ज्यांना वेळ आहे त्यांनी यावं. सुधारित माप आणि जॅकेटची ओळ तिघांना पाठवू, नवे आकडे सीलबंदच मागवू. ते आले की सभेची नोटीस लावतो. सुरुवात बी विंगच्या डक्टपासून. त्यातली कपाटं कुणाची आहेत त्यांनी शनिवारपर्यंत हलवावीत.

गावडे (बी-३): कपाटं माझी आहेत. एक माणूस मदतीला मिळाला तर शनिवारी दुपारी काढतो.

निखिल (ए-१२): येतो काका. चारनंतर चालेल?

गावडे (बी-३): चार चालेल. येताना दोरी आण, लोखंडी आहेत.