बेसिलचा खरा सुवर्णकाळ

बेसिल ब्रश या ब्रिटिश टीव्हीवरच्या बाहुली-कोल्ह्याचा विषय निघाला की सगळे त्याच्या २००२ नंतरच्या मालिकेबद्दलच बोलतात, पण या कोल्ह्यानं बीबीसी गाजवली ती १९६८ ते १९८० मध्ये. पीटर फर्मिननं घडवलेली ही हातबाहुली. साहेबी थाट, त्यात एकेक रद्दड कोटी, आणि वर ‘बूम बूम!’ करून खिदळणार स्वतःच. आवाज आणि हात आयव्हन ओवेनचे. हा गडी मात्र प्रसिद्धीपासून कायम चार हात लांब.

कार्यक्रमाच्या शेवटी त्याचे जोडीदार ‘मिस्टर डेरेक’ गोष्ट वाचायला बसले की बेसिल मध्येमध्ये तोंड घालून त्यांना वाचू द्यायचा नाही. हे डेरेक फाउल्ड्स म्हणजेच पुढे ‘येस मिनिस्टर’ या ब्रिटिश विनोदी मालिकेतला मंत्रीसाहेबांचा खासगी सचिव बर्नार्ड. साहेबांपुढे चेहरा सरळ ठेवायची तालीम इथंच झाली असणार!