शब्दचर्चा: प्रत्यर्पण, हद्दपारी आणि तडीपारी

प्रश्न (कोपरी, ठाणे): आपल्याकडच्या बातम्यांत 'तडीपार' नेहमी असतो. परदेशी पळालेल्यांच्या बातमीत कधी 'हद्दपारी', कधी 'प्रत्यार्पण'. अर्थ एकच का? आणि शुद्ध रूप कोणतं?

उत्तर (नेरूळ): प्रति + अर्पण, म्हणून 'प्रत्यर्पण'. 'प्रत्यारोपणा'त मूळ शब्दच 'आरोपण' आहे, म्हणून तिथे आ. वर्तमानपत्रांत 'प्रत्यार्पण' सर्रास छापतात, मी लिहीत नाही.

अर्थ मात्र तीन, आणि त्यांची सरमिसळ मला फार खटकते. शब्द बदलला की माणसाचे हक्कही बदलतात. तडीपारी महाराष्ट्र पोलीस कायद्यातली: जिल्ह्याबाहेर, तीही जास्तीत जास्त दोन वर्षं. हद्दपारीत सरकार परकीय नागरिकाला देशाबाहेर काढतं. त्याला कोणी मागितलेलं असावं लागत नाही. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने हान्स म्युलर या जर्मन नागरिकाच्या प्रकरणात १९५५ मध्येच सांगितला होता. प्रत्यर्पणात दुसरा देश माणूस मागतो, खटल्यासाठी किंवा शिक्षेसाठी. १९६२ च्या कायद्यानुसार आधी दंडाधिकाऱ्यापुढे चौकशी होते, प्रथमदर्शनी पुरावा आहे का ते पाहतात. गुन्हा राजकीय स्वरूपाचा असेल तर माणूस देता येत नाही.

आपल्या तळोजा तुरुंगात अनेक वर्षं असलेला अबू सालेम आठवा. पोर्तुगालने तो २००५ मध्ये सोपवला, पण फाशी नाही आणि २५ वर्षांहून जास्त कैद नाही, ही भारताची हमी घेऊन. केंद्र सरकार या हमीला बांधील आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. बॉम्बस्फोटातल्या आरोपीबद्दल दुसऱ्या देशाला दिलेला शब्दही पाळावा लागतो, आणि ते योग्यच आहे. नाहीतर उद्या आपण मागितलेला माणूस कोण देईल? अशा बातमीत 'हद्दपार' लिहिलं की ही हमी वाचकाच्या लक्षातच येत नाही.

प्रश्न (घोडबंदर रोड): 'वॉरंट घटनाबाह्य' म्हणावं की 'बेकायदा'?

उत्तर (नेरूळ): दोष कुठे आहे ते बघा. अटक वॉरंट (कोर्टात बोलताना पकड वॉरंट) लेखी हवं, त्यावर न्यायाधीशाची सही आणि कोर्टाचा शिक्का हवा. शिक्काच नसेल तर ते 'बेकायदा'. ज्या तरतुदीखाली ते काढलं तीच घटनेच्या अनुच्छेद २१ च्या (जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) विरोधात असेल, तर ती तरतूद 'घटनाबाह्य'. वॉरंट बिनचूक, पण पकडल्यावर कारण सांगितलं नाही किंवा प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेलं नाही, तर अनुच्छेद २२ चा भंग होतो. तिथे नुसतं 'वॉरंट रद्द करा' म्हणून भागत नाही, अटकेलाच आव्हान द्यावं लागतं.