जर्मनीला शिकायला जाण्याआधी स्वयंपाक किती शिकून जावा?

प्रश्न : मलप्रभाकाठ, खानापूर

सर्वांना नमस्कार. बेळगावात अभियांत्रिकीची पदवी पूर्ण करून सप्टेंबरअखेरीस मी पुढील शिक्षणासाठी जर्मनीत आखेन येथे जाणार आहे. वसतिगृहात खोली मिळाली असून तेथील स्वयंपाकघर आठ विद्यार्थ्यांमध्ये सामाईक आहे. आजवर चहा आणि ऑम्लेट यांपलीकडे मी काहीही केलेले नाही. मीठ किती घालायचे असे आईला विचारले की ती ‘अंदाजाने’ म्हणते, आणि तो अंदाज वहीत कसा उतरवावा हे मला कळत नाही. हाताशी दोन महिने आहेत. या काळात नेमके काय शिकावे, सोबत काय न्यावे आणि तेथे बाजारहाट कसा करावा, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे. आठवड्यातून दोनदा तरी भाकरी मिळावी अशी इच्छा आहे. ते शक्य आहे का, हेही सांगावे.

उत्तर : वेदगंगा, निपाणी (सध्या केमनिट्झ)

तीन वर्षांपूर्वी मीही अशाच तयारीत होतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सर्वांत आधी मसुरीची आमटी शिकून घ्या. तूरडाळीसाठी तेथे भारतीय किराणा दुकान गाठावे लागते, पण सोललेली मसूर डाळ ‘रोटे लिन्झेन’ या नावाने बहुतेक सुपरमार्केटांत मिळते आणि कुकरशिवाय पंधरा-वीस मिनिटांत शिजते. दिवसभर वर्गात बसून संध्याकाळी थकून आलेल्या माणसाला ही पंधरा मिनिटे फार मोलाची असतात. घरचा कांदा-लसूण मसाला, चिंच आणि गूळ जवळ असला की त्या डाळीला आपल्या आमटीची चव येते.

आईचा अंदाज वहीत उतरवण्यासाठी मी एक गोष्ट केली होती. आईने चिमटीत मीठ घेतले की ते पातेल्यात न टाकता आधी चमच्यात टाकायला सांगायचे, आणि तोच चमचा पुढे सोबत न्यायचा. माझ्या वहीत आजही ‘आमटी, अर्धी वाटी डाळ, सपाट पाऊण चमचा मीठ’ अशी नोंद आहे. शिकताना मात्र घरच्या पाच माणसांच्या पातेल्यात शिकू नका. एकट्यापुरते लहान भांड्यात शिजवताना पाणी भराभर आटते आणि फोडणी लवकर जळते, त्यामुळे मोठ्या प्रमाणाला पाचाने भागून काम होत नाही. शेवटचे पंधरा दिवस घरातच रोज एका माणसाचे जेवण करून पाहा.

भांडी घेण्यापूर्वी वसतिगृहात इंडक्शन शेगडी आहे की काचेची साधी विजेची, हे पत्राने विचारा. इंडक्शनवर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, म्हणून खडे बाजारात कुकर घ्यायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा आणि तो बुडाला चिकटतो का ते पाहा. गोल बुडाची कढई दोन्ही शेगड्यांवर निरुपयोगी ठरते.

आता बाजाराविषयी. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. मोठ्या रेल्वे स्थानकांतील काही दुकाने तेवढी उघडी असतात. मी शनिवारी रात्री पोहोचलो होतो आणि हे ठाऊक नसल्यामुळे पूर्ण रविवार आईने दिलेल्या दशम्यांवर काढला. आठवड्याचा किराणा शनिवारी दुपारपर्यंत भरण्याची सवय लावून घ्या. वस्तूच्या किमतीखाली लहान अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा दर छापलेला असतो, तुलना त्या दराने करा. पाण्याची किंवा शीतपेयाची प्लास्टिकची बाटली फेकू नका, कारण तिच्या किमतीवर बहुधा २५ सेंट अनामत घेतलेली असते आणि दुकानातील यंत्रात रिकामी बाटली टाकली की ती परत मिळते.

गव्हाच्या पिठावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा, तितका पिठात कोंड्याचा अंश अधिक. ४०५ म्हणजे आपला मैदा समजा. चपातीसाठी कणीक भारतीय दुकानातून आणणे उत्तम. न जमल्यास ‘फोलकोर्न’ लिहिलेले अख्ख्या गव्हाचे पीठ आणि ५५० हे निम्मे-निम्मे मिसळले तर चपाती बरी होते. कोथिंबीर आणि हिरवी मिरची बहुधा तुर्की दुकानांत स्वस्त मिळते. तेथे कोथिंबिरीसारख्याच पानांची ‘पेटरझिली’ची जुडी शेजारी ठेवलेली असते. मी पहिल्याच आठवड्यात ती आणून आमटीवर घातली होती, तेव्हा घेण्यापूर्वी एक पान चुरगळून वास घ्या.

उत्तर : जोंधळा, शहापूर, बेळगाव

तू माझ्या मुलाच्या वयाचा असावास, म्हणून एकेरी लिहिते. माझा मुलगा जर्मनीतच शिकला आणि भाकरी तो तेथेच, फोनवर माझ्याशी बोलत बोलत शिकला.

तेथील भारतीय दुकानांत ज्वारीचे पीठ मिळते, पण ते बरेच दिवसांचे दळलेले असते आणि त्याची विरी गेलेली असते. अशा पिठाची भाकरी थापताना कडेने फाटते आणि मुलांना वाटते की आपल्यालाच जमत नाही. त्याला उपाय आहे. वाटीभर पिठाला पाऊण वाटीहून थोडे जास्त पाणी चिमूटभर मीठ घालून उकळावे, आच बंद करून त्यात पीठ घालावे, ढवळून झाकण ठेवावे आणि सोसेल इतके कोमट झाले की तळव्याने रगडून रगडून मळावे. एका वेळी एकाच भाकरीचा उंडा घ्यावा. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवावा आणि ते पाणी सुकत आले की लगेच उलटावी. पूर्ण सुकू दिले तर भाकरीला भेगा पडतात. तेथे जाळ नसतो, म्हणून शेवटी तव्यावरच घडी केलेल्या फडक्याने कडा हलके दाबत फिरवावी. माझ्या मुलाची भाकरी अशी फुगली त्या दिवशी त्याने रात्री दोन वाजता फोन केला होता, आणि मला त्याचा जराही राग आला नाही.

जाताना ताजे दळलेले पीठ महिनाभर पुरेल इतकेच ने. शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, संकेश्वरी मिरचीचा मसाला, आमसुले हे सर्व घे. कुंदा मात्र मित्रांसाठी म्हणूनही बॅगेत ठेवू नकोस. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात नेण्यास मनाई आहे, त्यात घरचे तूपही आले. तुपाची काळजी करू नकोस. तेथे लोण्याची २५० ग्रॅमची वडी मिळते, ती बिनमिठाची पाहून घ्यावी आणि मंद आचेवर कढवावी. सुमारे २०० ग्रॅम तूप निघते. ताजा कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही. नारळाला मात्र सूट आहे.

मलप्रभाकाठ, खानापूर

काकू, वेदगंगा, आपले मनापासून आभार. वसतिगृहाकडून उत्तर आले असून तेथे काचेची साधी विजेची शेगडी आहे, म्हणजे सपाट बुडाचा घरचा लोखंडी तवा चालेल. काल उकळलेल्या पाण्यात पीठ भिजवून तीन भाकऱ्या केल्या. दोन फाटल्या, तिसरी अखंड उतरली आणि आजीने तीच मागून घेतली. आता एकच शंका आहे. दही विकतच घ्यावे लागेल का? थंडीत ते लागणार नाही असे सर्व जण सांगतात.

उत्तर : वेदगंगा, निपाणी (सध्या केमनिट्झ)

दही लागते. विरजणासाठी ‘नाटूरयोगुर्ट’ म्हणजे साधे, बिनसाखरेचे दही आणा. दूध ‘फ्रिशमिल्श’ लिहिलेले, ३.५ टक्के स्निग्धांशाचे घ्या. ते तापवून कोमट झाल्यावर अर्ध्या लिटरला दोन चमचे दही ढवळून घाला. भांडे टॉवेलात गुंडाळून बंद भट्टीत ठेवा आणि भट्टीचा आतला दिवा रात्रभर चालू राहू द्या. स्वयंपाकघर सामाईक आहे, तेव्हा भट्टीच्या दारावर जर्मनमध्ये चिठ्ठी अवश्य चिकटवा, नाहीतर सकाळी कोणीतरी पिझ्झासाठी ती तापवील.