तालुकावार मतदानपात्र नागरिकांचा आकडा कसा काढावा?

संगमेश्वरकर: २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ आणि सिंधुदुर्गाची ८,४९,६५१ होती. दोन्ही जिल्ह्यांत ती २००१ पेक्षा घटली, तर पालघर वेगळा होण्यापूर्वीचा ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांच्या पुढे गेला. या आकड्यांत लहान मुलेही धरलेली आहेत. मला प्रत्येक तालुक्यातील अठरा वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांची संख्या हवी आहे. मतदार यादीतील आकडा त्यासाठी चालेल का?

गुहागरचा प्रगणक: तो तसाच वापरू नये. जनगणनेच्या तालुका व गावपातळीवरील प्राथमिक गोषवाऱ्यात ० ते ६ वयाची मुले तेवढी वेगळी दाखवलेली असतात. अठरा वर्षांवरील संख्येसाठी जिल्ह्याचा वयोगटवार तक्ता घ्यावा लागतो आणि त्याचे प्रमाण तालुक्याला लावले, तर हाती येतो तो ढोबळ अंदाजच. रत्नागिरी शहर आणि मंडणगडच्या वाड्या यांना एकच प्रमाण लावणे मला पटत नाही, कारण कमावत्या वयाचे पुरुष मुंबईला असल्यामुळेच जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये, शिमग्याआधी, मी मोजणीला गेलो तेव्हा एका वाडीत निम्म्या घरांना कुलूप होते आणि उघड्या घरांत बहुतेक सासू, सून आणि शाळकरी मुले होती. गणपतीत त्याच वाडीत पडवीतसुद्धा अंथरुणाला जागा उरत नाही. त्या कुलूपबंद घरांतील अनेकांची नावे मात्र गावच्या यादीत होती.

राजापूरची वकील: १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमानुसार गावी घर असणे एवढ्यावरून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही, तसेच काही काळ बाहेर राहिल्याने रहिवास तुटतही नाही. चाकरमान्यांच्या नावांचा घोळ या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत होतो. नाव दोन ठिकाणी ठेवता येत नाही. मुंबईत कायमचे स्थायिक झालेल्यांनी नमुना ८ भरून ते हलवावे, असे मी प्रत्येक पक्षकाराला आग्रहाने सांगते.

देवगडचा बागायतदार: नागरिकत्वही विसरू नये. आमच्या आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार कुटुंबासह राहतात. जनगणनेत त्यांची मोजणी होते, परंतु संविधानाच्या कलम ३२६ प्रमाणे मताधिकार भारतीय नागरिकालाच असल्याने नेपाळचे नागरिक पात्र संख्येत येत नाहीत.

संगमेश्वरकर: सर्वांचे आभार. आता जिल्हा पातळीवरच तुलना करतो. तालुक्यांसाठी १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाच्या जनगणनेचे वयोगटवार आकडे येईपर्यंत थांबेन.