मदत हवी आहे: खोक्यावर ६५ वॉट, सुरुवातीला २००, आणि दहा सेकंदांत प्रोसेसर मंदावतो

नमस्कार मंडळी,

गेले चार दिवस एकाच आकड्यामागे लागलो आहे, पण उलगडा होत नाही. कोणी जाणकार असेल तर कृपया मदत करा.

नवीन डेस्कटॉप जुळवला आहे. प्रोसेसर कोअर आय७-१४७००, 'के' (म्हणजे वेग वाढवायला मोकळा) नसलेला. साधा बी७६० मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर५, एका १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर, ५५० वॉटचा गोल्ड पॉवर सप्लाय. ग्राफिक्स कार्ड जुनंच ठेवलंय. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममधली माझी दृश्यं त्याच्या मेमरीत मावत नाहीत, म्हणून रेंडर प्रोसेसरवरच करतो. एकेक रेंडर पाऊण तासाच्या घरात जातो आणि तेवढा वेळ सगळे कोअर पूर्ण भाराखाली असतात.

आता अडचण. सिनेबेंच आर२३ ही वेगचाचणी सुरू केली की एचडब्ल्यूइन्फो या मोजमापं दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'सीपीयू पॅकेज पॉवर' झटकन २०० च्या आसपास जाते. पी-कोअर, म्हणजे प्रोसेसरचे वेगवान कोअर, ५ गिगाहर्ट्झच्या वर धावतात, पंख्याचा आवाज चढतो. असं दहा सेकंद चालतं, आणि मग कोणीतरी मागून धरावं तसा आकडा थेट ६५ वर येऊन बसतो. पी-कोअर साडेतीन गिगाहर्ट्झच्याही खाली. पुढची दहा मिनिटं ६५ म्हणजे ६५, ना एक वॉट वर ना खाली. तापमान तेव्हा ६० सुद्धा नसतं, म्हणजे उष्णतेमुळे मंदावतोय असं म्हणता येत नाही.

दहा मिनिटांच्या चाचणीचा स्कोअर २१,००० च्या जवळ येतो. याच प्रोसेसरच्या परीक्षणांत मी ३०,००० च्या पुढचे आकडे पाहिलेत. एका कोअरचा स्कोअर मात्र व्यवस्थित आहे, २१०० च्या आसपास.

इंटेलच्या तपशिलात मूळ वीजमर्यादा ६५ वॉट आणि टर्बोची २१९ वॉट दिली आहे, आणि टर्बोचा काळ २८ सेकंद, इतपत मला कळलंय. पण माझा तर दहा सेकंदांतच खाली येतो. उरलेले १८ सेकंद गेले कुठे? चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांना अस्थिरतेचा त्रास झाला हे वाचून आहे, त्यामुळे माझ्या वाट्याला बिघडलेला नग आलाय की काय ही भीती डोक्यातून जात नाही. परत करण्याची मुदत पाच दिवसांनी संपतेय.

करून पाहिलेलं: पेस्ट काढून पुन्हा लावली, विंडोजमध्ये हाय परफॉर्मन्स निवडलं, मेमरी जलद चालवणारं एक्सएमपी चालू केलं. फरक शून्य.

प्रोसेसर बदलून घेऊ का? की बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, ती ६५ ची मर्यादा उठवू? आणि उठवली तर हा कूलर नि हा पॉवर सप्लाय पुरेल का?

प्रतिसाद १

आधी एक गोष्ट तपासा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये खाली 'परफॉर्मन्स लिमिट रीझन्स' असा गट आहे, तो उघडून ठेवा आणि सिनेबेंच चालवा. मंदावल्यावर कोणत्या ओळीपुढे 'येस' येतं ते इथे लिहा. त्याशिवाय काहीही सांगणं म्हणजे अंदाज.

धागाकर्ता

पाहिलं. पहिले दहा सेकंद वेगवेगळ्या ओळी लुकलुकतात. मग 'पॅकेज-लेव्हल आरएपीएल/पीबीएम पीएल१' पुढे येस येतं आणि तसंच राहतं. थर्मलच्या सगळ्या ओळी नो.

प्रतिसाद २

मग प्रोसेसर परत करू नका. तो निरोगी आहे आणि सांगितलंय तेच करतोय. जरा सविस्तर लिहितो, कारण या २८ सेकंदांनी बऱ्याच जणांची झोप उडवली आहे.

पीएल१ म्हणजे दीर्घकाळची मर्यादा, तुमच्याकडे ६५ वॉट. पीएल२ म्हणजे थोड्या वेळाची, २१९. यांच्यामध्ये जो काळ असतो त्याला टाउ म्हणतात, तो २८ सेकंद. पण टाउ म्हणजे स्टॉपवॉच नव्हे. प्रोसेसर स्वतःच्या वीजवापराची एक सरकती सरासरी ठेवत असतो, तिच्यात ताज्या क्षणांना जास्त वजन आणि जुन्यांना कमी. ही सरासरी पीएल१ च्या खाली आहे तोवर पीएल२ पर्यंत जायची मुभा. सरासरी पीएल१ ला टेकली की मुभा संपली. टाउ हा त्या सरासरीचा काळ-स्थिरांक आहे, म्हणजे सरासरी किती सावकाश हलते ते ठरवणारा आकडा.

तुमचेच आकडे घालून बघू. मशीन रिकामं असताना सरासरी १० वॉट धरा. त्यावर एकदम २०० वॉटचा भार आला. २८ हा स्थिरांक धरला तर सरासरी ६५ ला पोचायला साधारण साडेनऊ सेकंद लागतात. तुम्ही दहा म्हणालात. तुमचे १८ सेकंद कुठेही हरवलेले नाहीत, ते मुळात मिळणारच नव्हते. भार १०० वॉटचा असता तर हीच मुभा जास्त वेळ पुरली असती.

पडताळून पाहायचं असेल तर सिनेबेंच संपल्या संपल्या लगेच पुन्हा चालवा. सरासरी आधीच ६५ ला लागलेली असेल, त्यामुळे सुरुवातीची झेप जवळपास दिसणार नाही. मग पाच मिनिटं मशीन शांत ठेवून चालवा, झेप परत येईल.

राहिला परीक्षणांतल्या ३०,००० चा प्रश्न. ते आकडे बहुतेक वेळा महागड्या बोर्डवरचे असतात, आणि अशा बोर्डांवर पीएल१ सुद्धा पीएल२ एवढंच, किंवा त्याहून मोठं भरलेलं असतं. शिवाय १४७००के चा आकडा डोक्यात राहून १४७०० शी तुलना होते. दोघांचे कोअर सारखेच, ८ पी आणि १२ ई (काटकसरी), पण के वाल्याची मूळ मर्यादा १२५, टर्बोची २५३, आणि त्यात पीएल१ सहसा पीएल२ च्याच बरोबरीने ठेवतात. त्यामुळे त्याच्यात दहाव्या सेकंदाला असं काही घडत नाही. परीक्षण वाचताना स्कोअरच्या आधी तो किती वॉटवर मिळाला ते शोधावं. ते लिहिलेलं नसेल तर मी तो आकडा तुलनेला घेत नाही.

एका कोअरच्या कामाला ६५ वॉट भरपूर होतात, म्हणून तुमचा तो स्कोअर जागेवर आहे.

प्रतिसाद ३

एएमडीकडचा अनुभव सांगतो, म्हणजे वॉट हा शब्द किती सैल वापरला जातो ते लक्षात येईल. माझ्याकडे रायझन ७ ९७००एक्स आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला. टीडीपी, म्हणजे खोक्यावरचा आकडा, ६५ वॉट. पण सॉकेटची मर्यादा, म्हणजे पीपीटी, ८८ वॉट. पूर्ण भारावर तो ८८ ला जातो आणि तिथेच राहतो, दहा सेकंदांची झेप नाही आणि नंतरची घसरणही नाही. त्या घराण्यात टीडीपीला १.३५ ने गुणलं की सहसा पीपीटी येतो: ६५ चे ८८, १०५ चे १४२, १२० चे १६२. म्हणजे तुमच्या खोक्यावरचे ६५ आणि माझ्या खोक्यावरचे ६५ ही दोन वेगळी मापं आहेत. ती शेजारी ठेवून कोण काटकसरी हे ठरवता येत नाही.

२०२४ च्या सप्टेंबरात नव्या बायोसमधून ९७००एक्सला १०५ वॉटचा पर्याय मिळाला. लावून पाहिला. सगळे कोअर राबतात तिथे फरक पडला, खेळांत जाणवण्यासारखा काही नाही. मी परत ६५ वर आलो.

प्रतिसाद ४

मर्यादा वाढवायच्या आधी बायोस ताजा करा, ही विनंती समजा. तेराव्या-चौदाव्या पिढीत जादा व्होल्टेजमुळे प्रोसेसर झिजण्याचा जो प्रकार झाला, त्यावर इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (बायोसमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिले: ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरात ०एक्स१२बी. तुमच्या बोर्डावर निदान ०एक्स१२बी असायलाच हवा. हा त्रास फक्त 'के' वाल्यांचा नव्हता, ६५ वॉटचेही त्यात आले. झालेली झीज मायक्रोकोडने भरून निघत नाही, म्हणून नवीन प्रोसेसरवर पहिल्या दिवशीच हे काम करून टाकावं. इंटेलने या प्रोसेसरांची वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली आहे, तेव्हा पाच दिवसांच्या मुदतीची धास्ती घेऊ नका.

दुसरं, साध्या बी७६० बोर्डावर प्रोसेसरला वीज देणाऱ्या व्हीआरएमवर कधी कधी उष्णता ओढणारी पट्टीच नसते. दहा सेकंद २०० वॉट देणं वेगळं आणि पाऊण तास देणं वेगळं. व्हीआरएमचं तापमान दिसत असेल तर त्यावर नजर ठेवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच दुसऱ्यांदा चालवलं, झेप खरंच नाहीशी झाली! पाच मिनिटं थांबलो, परत आली. डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं.

बायोस ताजा केला. बोर्डाच्या व्हीआरएमवर एका बाजूला पट्टी आहे, दुसरी बाजू उघडी. मग काल पूर्ण दिवस एकच दृश्य वेगवेगळ्या पीएल१ वर रेंडर केलं. भिंतीच्या सॉकेटला वीजमापक लावला होता, त्यामुळे खालचे वॉट अख्ख्या मशीनचे आहेत.

पीएल१ ६५: ४१ मिनिटं, भिंतीवर १३२ वॉट, एकूण ९० वॉट-तास.
पीएल१ ९५: ३६ मिनिटं, १७० वॉट, १०२ वॉट-तास.
पीएल१ १२५: ३२ मिनिटं, २०८ वॉट, १११ वॉट-तास.
पीएल१ २१९: २९ मिनिटं, २८५ वॉट, १३८ वॉट-तास.

शेवटच्या वेळी प्रोसेसर १०० अंशांना टेकला आणि पॅकेज पॉवर १९० च्या पुढे गेलीच नाही, म्हणजे तिथे मर्यादा माझ्या कूलरची. व्हीआरएम ९८ पर्यंत चढला आणि पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येत होता.

१२५ वरून २१९ वर गेल्याने फक्त तीन मिनिटं वाचतात आणि २७ वॉट-तास जादा जातात, हे पाहून आश्चर्य वाटलं. असं का व्हावं? आणि ६५ वॉटच्या प्रोसेसरला भिंतीवर १३२ कसे?

प्रतिसाद २

चाचणी छान केलीत. वेळ, वॉट आणि वॉट-तास तिन्ही एकत्र क्वचित कोणी देतं.

पहिल्याचं उत्तर व्होल्टेजमध्ये आहे. प्रोसेसरची वीज वारंवारितेच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. खालच्या वेगांना व्होल्टेज फारसं वाढवावं लागत नाही, म्हणून तिथे वेग स्वस्तात मिळतो. वरच्या टोकाला प्रत्येक १०० मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेजही चढवावं लागतं. समजा वेग १० टक्के वाढवायला व्होल्टेजही १० टक्के वाढवावं लागलं, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के वीज. तुमच्या शेवटच्या दोन ओळींत हेच दिसतंय. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या कोअर अल्ट्रा ७ २६५के च्याही मर्यादा १२५ आणि २५० आहेत, आणि त्यातही वरचा निम्मा भाग असाच महाग पडतो.

भिंतीवरच्या १३२ मध्ये बोर्ड, मेमरी, एसएसडी, पंखे, रिकामं बसलेलं ग्राफिक्स कार्ड हे सगळं येतं. त्यावर व्हीआरएममध्ये जाणारी वीज आणि पॉवर सप्लायमध्ये उष्णता होऊन जाणारे दहा-बारा टक्के. एचडब्ल्यूइन्फो दाखवतं तो प्रोसेसरचा स्वतःपुरता हिशोब, आणि तोही अंदाजाने काढलेला. ५५० वॉटचा सप्लाय तुम्हाला निवांत पुरतो. २८५ म्हणजे त्याच्या निम्म्याच्या आसपासचा भार, आणि असे सप्लाय तिथेच सगळ्यात कार्यक्षम असतात.

प्रतिसाद ४

९८ अंशांचा व्हीआरएम रोज पाऊण-पाऊण तास नको. १२५ वर तो किती होता?

धागाकर्ता

१२५ वर ७९ पर्यंत, ९५ वर ७० च्या आत. प्रोसेसर १२५ ला ८१ अंश.

दिवसा १२५ ठेवतोय. रात्रभर चार-पाच रेंडर रांगेत लावतो तेव्हा ९५, कारण त्याच खोलीत आई झोपते आणि ९५ वर पंखा ऐकूच येत नाही. दर वेळी बायोसमध्ये जाणं जिवावर येतं. विंडोजमधूनच पीएल१ बदलता येईल का?

प्रतिसाद १

इंटेलचं एक्सटीयू हे मर्यादा बदलणारं सॉफ्टवेअर बसवा. त्यात दोन प्रोफाइल जतन करता येतात, एक १२५ चं आणि एक ९५ चं. मर्यादा बदलायला 'के' असण्याची गरज नाही. बोर्डाने ती सरकपट्टी बंद ठेवली असेल तर मात्र बायोसमधूनच करावं लागेल. आणि बायोस पुन्हा कधी ताजा केलात तर पीएल१ मूळच्या ६५ वर जाऊ शकतं, तेव्हा एकदा पाहून घ्या.

धागाकर्ता

सरकपट्टी चालतेय. दोन्ही प्रोफाइल झाली. आजची रांग ९५ वर लावली आहे.