एक सेमिस्टर जर्मनीत: ऑक्टोबरला निघायचंय, पैसे नक्की कधी आणि किती लागतात?

तासगावचा_मेकॅनिकल

नमस्कार. मी सांगलीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गाव तासगाव तालुक्यात. कॉलेजच्या एक्स्चेंजमधून सातवं सेमिस्टर ड्रेस्डेनला करायचं म्हणून माझं नाव पुढे गेलंय. तिकडची शिकवणी फी माफ आहे. राहणं, खाणं, विमा, विमान हे आपलं आपण बघायचं.

आमची द्राक्षबाग आहे. यंदाचा माल आत्ता शेडवर वाळतोय. बेदाणा कोल्ड स्टोरेजला टाकायचा आणि दिवाळीच्या आधी दर बघून काढायचा, ही आमच्या घरची दरवर्षीची पद्धत. मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते एकच बोलले, "तारीख सांग आणि आकडा सांग, मग माल कधी काढायचा ते मी ठरवतो." त्यांना मला अंदाजपंचे काही सांगायचं नाही. नेटवर 'वर्षाला ११,९०४ युरो' असं दिसतंय, पण मी तर एकच सेमिस्टर जाणार.

शिवाय घरात रोज नवीन यादी निघते. आई म्हणते स्वेटर मारुती रोडला घे, आज्जी म्हणते तूप ने, मामा म्हणतो कुकर ने. आधी काय करू आणि काय सोडून देऊ, जाऊन आलेल्या कुणीतरी सांगा.

मिरजेची_ताई

मी तिकडे एक हिवाळी सेमिस्टर करून आलेय, म्हणून सविस्तर लिहिते. आधी आप्पांचं उत्तर.

११,९०४ हा बारा महिन्यांच्या राहण्या-खाण्याच्या खर्चाचा आकडा. महिन्याला ९९२ युरो धरतात. तुझा मुक्काम सहा महिन्यांचा असेल तर ५,९५२ युरो, युरो शंभरच्या आसपास धरला तर सहा लाख रुपये. ते ब्लॉक्ड अकाउंटला भरायचे, म्हणजे व्हिसासाठी उघडायच्या अशा खात्यात, ज्यातून महिन्याला ठरलेलीच रक्कम मिळते. ही फी नव्हे, हे आप्पांना नीट समजावून सांग. खातं तुझ्याच नावावर असतं आणि तिकडे पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ तुझ्या हातात येतात. बापाला सहा लाख गेले असं वाटणं वेगळं आणि पोराच्या खात्यात ठेवले असं वाटणं वेगळं.

तारीख म्हणशील तर जून. तिकडचं पत्र हातात आलं की लगेच खातं उघडून पैसे भरायचे, कारण त्या पावतीशिवाय व्हिसाची फाइल पूर्ण होत नाही. नव्वद दिवसांच्या वर राहायचं म्हणजे नॅशनल व्हिसा, आणि त्याला कधीकधी दोन-तीन महिनेसुद्धा जातात. फी ७५ युरो. एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून जर्मनीकडून मिळतं ते) तुझ्या एक्स्चेंजला लागतं का, हे दोन्हीकडच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून आत्ताच लेखी घे.

याशिवाय हजार-बाराशे युरो वेगळे फॉरेक्स कार्डवर ठेव. ब्लॉक्ड खात्यातला पहिला हप्ता तिथलं बँक खातं सुरू झाल्यावरच येतो, आणि तोवर खोलीचं डिपॉझिट, सेमिस्टरची वर्गणी आणि पहिलं भाडं द्यावंच लागतं. विद्यार्थ्यांचा सरकारी आरोग्य विमा महिन्याला दीडशे युरोच्या आसपास जातो, तो त्या ९९२ मधूनच.

आता ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं ते सांगते, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम हेच आहे. लर्निंग अॅग्रीमेंट, म्हणजे तिकडचा कोणता विषय आपल्याकडच्या कोणत्या विषयाऐवजी धरायचा याचा लेखी करार. डाव्या रकान्यात आपल्याकडचा विषय, उजव्यात तिकडचा, पुढे क्रेडिट. तिकडे एका सेमिस्टरला ३० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट) धरतात आणि एक ईसीटीएस म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. आपला चार क्रेडिटचा विषय आणि त्यांचा पाच ईसीटीएसचा, नुसती नावं सारखी आहेत म्हणून सही घेऊ नकोस. दोन्हीकडचा अभ्यासक्रम छापून घे, युनिट शेजारी युनिट ठेव, जुळतात त्यांवर पेन्सिलने खूण कर आणि तो कागद घेऊन एचओडी सरांसमोर बस. तो विषय त्या सेमिस्टरला शिकवतात का आणि इंग्रजीतून आहे का, तेही बघ. पुष्कळ विषय फक्त जर्मनमधून असतात. सरांची सही आणि शिक्का निघायच्या आधी हवा. परत आल्यावर "हा विषय धरता येत नाही" असं कुणी म्हणालं, तर तो कागदच तुझ्या बाजूने बोलणार.

दुसरं, कॅलेंडर जुळत नाही. तिकडचं हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तासिका ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीत, काही त्याच्याही पुढे. आपलं आठवं सेमिस्टर तोवर सुरू झालेलं असतं. उशिरा हजर होण्याची परवानगी आत्ताच लेखी घे, तोंडी नको.

सामानाचं थोडक्यात. तूप, पेढे, खवा काही नेऊ नकोस. युरोपच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. साताऱ्याचे कंदी पेढे कितीही प्रेमाने बांधून दिले तरी घरीच राहू देत, आज्जीला आत्ताच सांग म्हणजे निघताना रडारड नको. ताजा कढीपत्ताही नको. शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला, हळद, भडंग खुशाल ने. दोन लिटरचा कुकर ने, बूड सपाट बघून घे. जाड जॅकेट तिकडेच घे, इथलं स्वेटर आतून घालायला चालतं. आपली तीन पिनांची वायर तिथल्या सॉकेटला बसत नाही, दोन गोल पिनांची बसते. दुकानं रविवारी बंद असतात, म्हणून शनिवारी पोचणार असशील तर पहिल्या दोन दिवसांचं खाणं बॅगेत असू दे. आणि राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो किल्ली घेतानाच माग.

बँकेतले_काका_विश्रामबाग

ताईंनी पैशाचं बरोबर सांगितलं. मी दुसऱ्या टोकाकडून सांगतो.

बाळा, आप्पांना जूनमध्ये माल घाईने काढायला लावू नकोस. कोल्ड स्टोरेजच्या पावतीवर तारण कर्ज मिळतं. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बेदाणा आहे, बाजार समितीमार्फत, सहा टक्के व्याज आणि १८० दिवसांची मुदत. जूनमध्ये उचललं तर दिवाळीच्या आधीच्या सौद्यांपर्यंत मुदत पुरते. शैक्षणिक कर्जाचीही चौकशी करून ठेवा. दोन्हीचं गणित शेजारी मांडून मग ठरवा.

पैसे आप्पांच्या किंवा तुझ्याच खात्यातून जाऊ देत, त्रयस्थाच्या नको. परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म, पॅन आणि प्रवेशाचं पत्र लागेल. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) कापत नाहीत, तेव्हा त्याची काळजी नाही. अडत्याकडून पट्टीचे, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबाचे, पैसे आले असतील तर ती पट्टी जपून ठेव, पैसा कुठून आला हे दाखवायला उपयोगी पडते.

तासगावचा_मेकॅनिकल

काका, तारणाचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आप्पा सोमवारी बाजार समितीत जाऊन विचारणार आहेत.

ताई, लर्निंग अॅग्रीमेंटचं पटलं. यादी काढली तर सहापैकी चार विषय जुळतायत. उरलेल्या दोनांचं काय करायचं? आणि तिकडचे मार्क इथे कसे धरतात? प्लेसमेंटलाही मी इथे नसणार, त्याचीच धाकधूक आहे.

मिरजेची_ताई

चार जुळले म्हणजे चांगलं आहे. उरलेले दोन आल्यावर स्वयंअध्ययनाने किंवा आठव्याबरोबर देता येतील का, हे सरांना विचार आणि तेही त्याच कागदावर लिहून घे. तिकडे ओढूनताणून सहा विषय घेऊ नकोस. कित्येक विषयांना शेवटची एकच परीक्षा असते, अंतर्गत गुणांचा आधार नसतो. आणि परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. वर्गात रोज बसलास तरी नोंदणी राहिली तर पेपरला बसू देत नाहीत.

मार्क उलटे असतात. १.० सगळ्यात वरचा, ४.० ला पास, ५.० म्हणजे नापास. इथे रूपांतर कोणत्या सूत्राने होणार ते परीक्षा विभागाकडून आधी समजून घे आणि आप्पांनाही सांग, नाहीतर १.७ बघून घरी सगळे घाबरतील.

प्लेसमेंट सेलला आत्ताच ई-मेल टाक, ऑनलाइन मुलाखत चालेल का म्हणून. ऑक्टोबरअखेरपर्यंत आपलं घड्याळ साडेतीन तास पुढे, त्यानंतर साडेचार. इथली सकाळी दहाची मुलाखत म्हणजे तुला पहाटे उठायचंय.