'ब्लिझर्ड'ला मराठीत काय म्हणाल?

सायली: अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या शेतकरी घरांतल्या बालपणीच्या आठवणी मराठीत करतेय. सगळ्या १२ जानेवारी १८८८च्या 'ब्लिझर्ड'भोवती फिरतात. सकाळी हवा उबदार होती म्हणून पोरं जाड कोट न घालताच शाळेत गेली आणि घरी परतताना वाटेत त्याच्या तावडीत सापडली. मृतांचा आकडा साधारण २३५ सांगतात. मी 'बर्फवृष्टी' लिहिलंय, पण वाचताना एकदम मनालीची सहल आठवते.

रानवाटा: वृष्टी म्हणजे वरून पडणं. इथे घात केला तो वाऱ्याने. अमेरिकन हवामान खात्याच्या आजच्या व्याख्येत ताशी किमान ३५ मैल वारा हवा, पाव मैलापलीकडचं दिसायला नको, आणि हे निदान तीन तास चालायला हवं. नवा बर्फ पडायलाच हवा असंही नाही, जमिनीवरचा उधळला तरी पुरे. म्हणून 'हिमवादळ'.

सायली: पटतंय. पण आठ वर्षांची पोर 'हिमवादळ' म्हणेल का? भूगोलाच्या पुस्तकातला शब्द वाटतो.

वऱ्हाडी: ताई, 'बर्फाची झड' कशी वाटते? आमच्याकडे पावसाची झड लागली की दोन-दोन दिवस घराबाहेर पडता येत नाही.

रानवाटा: दादा, शब्द गोड आहे, पण झड लागते, मुक्काम करते. हे अंगावर धावून आलं होतं. दिवसेंदिवस घरात कोंडून पडल्याची दुसरी एखादी आठवण असेल तर तिथे 'झड' जरूर वापरा. 'वावटळ' मात्र नको, ती गरगरते आणि निघून जाते.

निफाडकर: पोरीच्या तोंडी सरळ 'बर्फाचं वादळ' द्या, निवेदनात 'हिमवादळ'. आणि थंडीसाठी आपला 'हिव' विसरू नका. तोही 'हिम'मधूनच आलाय. हिवाळा, हिवताप ही त्याचीच भावंडं. 'तिला हिव भरलं' म्हटलं की दात वाजायला लागतात. 'तापमान घसरले' हे बातमीपुरतं ठेवा.

सायली: वा! अजून एक अडलंय. बर्फ पिठासारखा बारीक, डोळ्यानाकात जाणारा होता. घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधून तो धरत गुरांना चारा घालायला जायचे, नाहीतर अंगणात चुकायचे.

वऱ्हाडी: 'डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना' लिहा. म्हण अंधाराची आहे, पण पांढऱ्याफटक उजेडात ती जास्तच झोंबते.

सायली: आणि सरपण? झाडं नाहीत, म्हणून गवत पिळून जाळायचे, नाहीतर माळावरचं वाळलेलं शेण. 'गोवऱ्या' लिहिलंय.

निफाडकर: गोवऱ्या हाताने थापतात. माळावर आपोआप वाळलेलं शेण वेचून आणलं तर त्या रानशेण्या. आमची आजी दोन्हींचा ढीग वेगळा लावायची. रानशेणी भुरकन जळते म्हणायची. गवताला 'पेंढी' म्हणू नका, पेंढी बांधलेली असते. 'पिळलेल्या गवताचे वेढे' चालेल.

सायली: रानशेण्या घेतल्या. 'वेढे' अजून जिभेवर बसत नाही, दुसरं काही सुचलं तर सांगा.